मोहाखालचा नाका आणि आमची बकरी

माझ्या सासरी नवऱ्याच्या मोठ्या भावाशी बोलायची सोय नाही. त्याला आमच्याकडे भासरा म्हणतात. भासरा दिसला की पदर पुढे ओढायचा, नजर जमिनीला लावायची आणि तो निघून जाईपर्यंत भिंतीला टेकून उभं राहायचं. त्याच्या खाटेवर बसायचं नाही, त्याला हाक मारायची नाही. त्यानेही मला हाक मारायची नाही. एका चुलीवरचं खाऊन आम्ही दोघं वर्षानुवर्षं असेच राहिलो. मी त्यांना पायांवरून ओळखते. डाव्या पायाचा अंगठा जरा बाहेरच्या बाजूला वळलेला आहे. चेहऱ्याबद्दल पोलिसांनी विचारलं असतं तर मला काहीही सांगता आलं नसतं.

अगदीच अडलं तर एक पळवाट आहे. सांगायचं ते भिंतीला, चुलीला नाही तर गुराला सांगायचं. ज्याने ऐकायचं तो ऐकतो. "ताट वाढलं," असं मी रोज चुलीला सांगायची आणि माझे भासरे जेवायला येऊन बसायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला हा सगळा प्रकार येडेपणाचा वाटायचा. अजूनही वाटतो, पण पुढची गोष्ट त्याच्याशिवाय झाली नसती.

आमचं गाव सावली तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठाजवळचं. धान करायचं, तळ्यातली मासोळी धरायची आणि उरलेल्या वेळात एकमेकांच्या घरात काय चाललंय ते पाहायचं, एवढंच इथे काम. मी घरी शिलाई मशीन चालवते, त्यामुळे तिसरं काम माझ्याकडे आयतंच चालत येतं. जिल्ह्यातली दारूबंदी उठली आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर देशी दारूचं दुकान पुन्हा उघडलं. दुकानदाराने पाटीला नवा रंग दिला, देवाच्या फोटोला हार घातला आणि पहिल्याच दिवशी गावातली झाडून सगळी माणसं तिथे हजर झाली. ग्रामसभेला हाका मारूनही जे येत नव्हते ते सगळ्यात आधी आले.

भासरे दुकानातच उभ्याने प्यायले तर फार त्रास नसायचा. एक पव्वा व्हायचा, मग शेजारी उभा असलेला कोणीतरी "पुरे झालं भाऊ" म्हणायचा आणि ते गाणं म्हणत घरी येऊन झोपायचे. पण बाटली घरी आली की सगळं बदलायचं. घरी पुरे म्हणणारा कोणी नाही आणि दुकान बंद व्हायची घाई नाही. एकाचे दोन पव्वे व्हायचे आणि दुसऱ्यानंतर जो माणूस खाटेवर बसलेला असायचा तो आमच्या घरातला नसायचाच. होळीच्या सुमाराला एका संध्याकाळी त्या माणसाने मासोळीच्या रश्शासकट ताट भिरकावलं. ते त्यांच्या पोरीच्या कपाळाला लागलं. सावलीच्या दवाखान्यात टाके घालून आणले तिला.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी पोरीला घेतलं आणि पुलापलीकडच्या माहेराला जाणाऱ्या जीपची वाट पाहत त्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"मी काई दारू सोडा म्हणून राह्यली नाई," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "बाहेर काय प्यायचं ते प्या म्हणा. पन घरात बाटली आली त मी या घरात नाई. पोळ्यापर्यंत पाह्यीन." मग मला बाजूला घेऊन कानात म्हणाल्या, "अन् तू सांगजो मले. खरंखरं सांगजो. बुढी त आपल्या लेकाच्याच बाजूनं सांगन."

बुढीला सगळं ऐकू गेलं. त्यांचे कान फार तिखट आहेत.

म्हणजे ज्या माणसाकडे मान वर करून पाहायचं नाही, त्याच्यावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. हसावं की रडावं मला कळेना. पण जाऊबाईंशिवाय घर नुसतं भकास झालं होतं. मला स्वयंपाक धड येत नाही, सासूबाईंना माझा आवडत नाही, आणि पोरगी नाही म्हणून मशीनच्या चिंध्या कोणी गोळा करेना. त्यांना परत आणायचंच असं मी मनात धरलं.

बाटलीने पिडलेलं घर काही आमचं एकटंच नव्हतं. बायांनी बैठक घेतली. दुकान बंद करायला कायद्यात रस्ता आहे. गावातल्या बायांचं मतदान होतं. कागदावर एक उभी बाटली असते आणि एक आडवी. निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. पण निम्म्याहून जास्त म्हणजे आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या. आणि यादीतल्या अर्ध्या बाया तेव्हा मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या. राहिलेल्यांनी सगळ्यांनी शिक्के मारले असते तरी बाटली उभीच राहिली असती.

तेव्हा आत्याबाई बोलल्या. आत्याबाई म्हणजे या गावचीच लेक, नवरा गेल्यावर परत येऊन राहिलेली, साऱ्या गावाची आत्या. "दुकान हालत नाई न? राहू द्या. बाटली हालू देऊ नका," त्या म्हणाल्या. "प्यायची त तिथीच पी. बूच दुकानदारानं काढाचं, आपल्या डब्यात टाकाचं. रिकामी बाटली तिथीच ठेवाची. पार्सल बंद."

दुकानदाराला हे सांगितल्यावर त्याने मान डोलावली. मिरचीवाल्या बाया आज ना उद्या परत येणार आणि मग आडवी बाटली होणार, ही धास्ती त्याला होतीच. तरी कोणी लपवून नेलीच तर, म्हणून दुकानाकडून गावात येणाऱ्या वाटेवर रोज संध्याकाळी बायांनी नाका लावायचा ठरलं. त्या वाटेवर सावलीचं झाड एकच, मोहाचं. दारूविरुद्धचा नाका मोहाखाली बसला म्हणून गावभर हसले लोक, पण उन्हात कोण बसणार?

पहिल्यांदा आम्हा तरण्या सुनांना बसवलं. आमचे डोळे चांगले म्हणून. मोठं शहाणपण केल्यासारखं वाटलं होतं आम्हाला. पण गाव सगळं नात्यातलं. येणारा प्रत्येक माणूस कोणाचा तरी सासरा, नाही तर भासरा. तो लांबून खाकरायचा की आम्ही ओळीने पदर ओढून खाली पाहायचो. वाटेवरची प्रत्येक मुंगी आम्ही तपासली असेल, बाटली एकही सापडली नाही. नंतर कळलं, माणसं दुकानातूनच विचारून निघायची, "आज नाक्यावर कोणाची सून आहे?" सून आपल्या नात्यातली निघाली की खुशाल दोन पव्वे जास्त घ्यायचे.

मग सासवांना बसवलं. सासूला पदर नाही, पण पोरगा आहे. आमच्या शेजारची म्हातारी दुसऱ्यांच्या पोरांची धोतरं झटकून पाहायची आणि स्वतःचा लेक आला की म्हणायची, "जाऊ द्या वं, तमाखूची डबी आहे ते." डबीत पाणी हलल्यासारखा आवाज यायचा तरी डबीच. प्रत्येक आईचं तेच.

मग बायकोने आपल्याच नवऱ्याला तपासायचं ठरलं. बाटल्या धडाधड सापडल्या, पण प्रत्येक बाटलीमागे लग्नापासूनचा हिशेब निघायला लागला. ब्रह्मपुरीच्या वाटेची जीप तिथे अडकून पडायची आणि आतली माणसं उतरून भांडण ऐकत उभी राहायची.

शेवटी आत्याबाईच बसल्या. गावात त्यांना पदर घ्यावा असा माणूस नाही, आणि लेक नाही की नवरा नाही. सरपंचापासून भगतापर्यंत सगळ्यांचे खिसे त्यांनी उलटे केले. बूच नाही म्हणून लोक अंगठा लावून बाटली आणायचे, तर आत्याबाई "राम राम" म्हणून हात जोडायच्या. उलट हात जोडले की अंगठा निघायचा. काहींनी लाकडाची बुचं तासून घेतली. एक जण तर दारू गालात भरून निघाला, घरी नेऊन पेल्यात सोडीन म्हणून. आत्याबाईंनी त्याला थांबवून आधी बायकोची, मग म्हशीची, मग सिंदेवाहीच्या साडूची खबरबात विचारली. साडूपर्यंत येता येता त्याने सगळी गिळली.

या सगळ्यात आमच्या घरात बाटली आली नाही. जाऊबाईंचा रोज फोन यायचा आणि मी रोज खरं तेच सांगायची. पोळा जवळ यायला लागला तशी सासूबाईंनी त्यांची खाट उन्हात घालून ठेवली.

आणि नेमकं रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत आत्याबाईंना ताप आला. बाकीच्या बाया दिवसभर चिखलात वाकून रोवणा करत होत्या. मी घरी मशीनवर, म्हणून मला म्हणाल्या, "आजच्या दिवस तू बस." मी आमची बकरी सोबत घेतली, तिलाही चारा होईल म्हणून. पाऊस रिपरिप पडत होता. घोंगडं पांघरून मी मोहाखाली बसले.

दुकानाकडून खाकरण्याचा आवाज आला. मी पदर ओढला. खाली पाहते तर बाहेर वळलेला अंगठा. पायांवर पाऊस पडत होता, धोतर चिंब भिजलं होतं, आणि धोतराच्या बाजूला छत्रीचं टोक. छत्री मिटलेली. हा माणूस भर पावसात छत्री मिटून, अंगाशी धरून चालला होता.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! पोळा तोंडावर आलेला, इतके महिने निभावलं आणि आता हे. पण बोलणार कशी? मग माझं लक्ष बकरीकडे गेलं.

"काय वं," मी बकरीला म्हटलं, "पाऊस पडून राह्यला अन् लोकं छत्री मिटून चालले. छत्री भिजन म्हणून का?"

पाय थांबले. मग वरून आवाज आला, तोही बकरीलाच.

"सांग त्यायले, काड्या मोडल्या छत्रीच्या."

"काड्या मोडल्या त इकडं दे म्हणा. माह्या घरी सुई-दोरा आहे."

"बकरीनं आपला पाला खावा," बकरीला उत्तर मिळालं. "लोकायच्या छत्रीत तोंड घालू नाई."

बकरी खरंच पाला खात होती. मला रडूच यायला लागलं, रागाचं. "जाऊबाईचा आज फोन येईन," मी तिला म्हटलं. "मले विचारन, आली का घरात? मी काय सांगू? सांग न वं, तू एवढी शहाणी आहेस त."

पाय हलेनात. पाऊस पडतच होता. मग फार हळू आवाज आला.

"पोरगी काय म्हणते, विचार."

"पोरगी म्हणते, टाके कवाचेच निघाले, आता दुखत नाई. बाबाले सांगजा म्हणते."

मी त्यांच्याशी एवढं कधीच बोलले नव्हते, म्हणजे बकरीशी. मग छत्री उघडल्याचा आवाज झाला. पव्वा निसटून चिखलात पडला, लाकडाचं बूच उडालं आणि दारू भळभळ वाहून गेली. भासऱ्यांनी तिला हात लावला नाही. उघडी छत्री त्यांनी मोहाच्या खालच्या फांदीला अडकवली, बरोबर बकरीच्या आणि माझ्या डोक्यावर. "भिजू नको म्हणा," एवढं म्हणून पाय घराकडे वळले.

मी पदराने डोळे पुसेपर्यंत बकरीने डबक्यात तोंड घातलं होतं.

रोवण्यावरून बाया परतल्या तेव्हा त्यांना काय दिसलं? नाक्यावरची बाई मोहाखाली लाल डोळ्यांनी बसलेली, पुढ्यात रिकामा पव्वा, घमघमाट सुटलेला आणि बकरी तिरपी चालून राहिलेली. एकीने मला हुंगलं. घोंगड्यावर शिंतोडे उडाले होते. घरी पोचायच्या आत गावभर झालं की नाक्यावरची बाईच पिते आणि बकरीलाही पाजते.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात बैठक. दुकानदार आधीच येऊन बसला होता. "नाकेवालीच प्यायली त मी काऊन नियम पाळू?" त्याचं म्हणणं. सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. "माही सून? तिले खोकल्याचं औषध पाजलं तरी झोपते ते," त्या म्हणाल्या, आणि मग खरं बोलायची सवय म्हणून पुढे, "पन वास त येत होता."

बाटली कोणाची ते सांगितलं तर संध्याकाळच्या आत पुलापलीकडे पोचणार. न सांगितलं तर माझं नाव गेलं आणि त्याबरोबर नाकाही. आत्याबाई तापातून उठून आल्या होत्या. "बोल न वं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दारात खाकरणं ऐकू आलं. मी पदर ओढला. अंगठा खांबापाशी येऊन थांबला.

"खांबाले सांगतो," भासरे म्हणाले. "बाटली माही होती. छत्रीत होती. सांडली ती माह्याच हातानं. ज्या सुनेवर लोकं बोलून राह्यले, तिनं मान वर करून माह्याकडं पाह्यलं बी नाई."

"घरी नेत होता का बे?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो जी. नेत होतो."

"बूच कायचं?"

"बाभळीचं. म्याच तासलं."

"चांगलं नाई बसलं," आत्याबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. भासरे हसले नसावेत. पाय तसेच परत फिरले आणि पायरी उतरून गेले. हे बोलण्याने आपलं काय जाणार ते त्यांना माहीत होतं. माझं नाव राखायला त्यांनी आपली बायको पणाला लावली होती, आणि मला त्यांना साधं काही म्हणायचीही सोय नव्हती. त्या दिवशी चुलीला मी "ताट वाढलं" म्हटलं ते दोनदा म्हटलं.

त्या संध्याकाळपासून जाऊबाईंचा फोन बंद. मी लावला तर उचलत नव्हत्या.

पोळ्याच्या दिवशी सासूबाईंनी घरातली बाटली म्हणून बाटली बाहेर काढली. करंजीचं तेल, रॉकेल, खोकल्याचं औषध, मध, पोरीच्या लहानपणची दुधाची बाटलीसुद्धा. सगळं डब्यात नाही तर गडव्यात ओतलं. त्या दिवशी दिव्यात औषध गेलं की काय, वात पेटेचना. भासरे अंगणात बैलांची शिंगं रंगवत होते.

दुपारी जीप थांबली. जाऊबाई उतरल्या, मागून पोरगी. त्या अंगणातून सरळ घरात गेल्या. धान्याची कोठी, खाटेखालचा कोपरा, देवामागची फळी, सगळं पाहिलं, हुंगलं. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सांग."

"मोहापर्यंत आली बाई," मी म्हटलं. "घरात नाई आली."

"छत्रीत?"

"छत्रीत."

"पाऊस होता न?"

"होता."

"अन् छत्री मिटून?"

मी मान हलवली. जाऊबाईंनी ओठ घट्ट दाबले, दुसरीकडे पाहिलं, आणि मग त्यांना इतकं हसू आलं की त्या खाली बसल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग उठून अंगणात गेल्या. नवऱ्याशी बोलायला त्यांना कोणाची बंदी नव्हती, तरी त्या बकरीसमोर उभ्या राहिल्या.

"सांग वं त्यायले," त्या म्हणाल्या, "पोरीले भूक लागली. हात धुऊन या म्हणा."

शिंगावरचा ब्रश थांबला. "सांग," बकरीला उत्तर आलं, "आलोच म्हणून."

दुकान अजून आहे; पार्सल बंद राहिलं म्हणून आडव्या बाटलीचं मतदान मग कोणी मागितलं नाही. नाकाही आहे. भासरे अजून पितात, दुकानाच्या ओट्यावर, शेजाऱ्याने पुरे म्हणेपर्यंत. मग घरी यायचे, बकरीसमोर उभे राहायचे, दोन्ही हात पुढे करून रिकामे तळवे दाखवायचे. पावसाळ्यात छत्रीसुद्धा उघडून दाखवायचे. पोरीला त्याची फार गंमत वाटायची.

यंदा बकरी म्हातारी होऊन मेली. त्या संध्याकाळी मी अंगणात वाळवण आवरत होते. खाकरणं ऐकलं, पदर ओढला. बाहेर वळलेला अंगठा रोजच्या जागी आला आणि थांबला. समोर नुसता खुंटा. पाय जरा मागे झाले, पुन्हा पुढे आले. मी खालीच पाहत होते, पण जमिनीवर सावली पडली होती आणि त्या सावलीने दोन्ही हात पुढे केले.

आत तांदूळ निवडत बसलेल्या जाऊबाईंनी मान वर केली.

"दिसलं," त्या म्हणाल्या. "या आत."